कोंडलेली बरणी

तुम्ही सुगंधा घाडीगावकरांच्या अळवावर विष मारलंत. तणनाशक म्हणा, औषध म्हणा, ‘पावसाळापूर्व उपाययोजना’ म्हणा, तुमच्या पालिका कार्यालयात शब्दांना काही तोटा नाही. ही पावसाळापूर्व उपाययोजना तुम्ही भर आषाढात केलीत, तेही एक वेळ सोडून देऊ. पण एक शब्द तुमच्याकडे मागून मिळत नाही, तो म्हणजे त्या औषधाचं नाव. पासष्ट वर्षांची बाई दुखऱ्या गुडघ्यांनी तुमचे दोन जिने चढून ते नाव विचारायला आली, तीनदा आली, आणि तुम्ही खिडक्या लावून एसीत बसून तिला ‘माहिती घेतो’ म्हणालात. घेतलीत? नाही ना? मग आता सगळी हकीगत ऐका.

मुलुंड पश्चिमेला, डोंगर जिथे रस्त्याला येऊन टेकतो, तिथे शिवप्रसाद चाळ आहे. खोल्या बावीस. चाळीची पाठ आणि मागची भिंत यांच्यामध्ये जमिनीचा एक तुकडा आहे, एक रिक्षा कशीबशी वळेल एवढा. डोंगरातून झिरपणारं पाणी तिथे येऊन बसतं आणि उठायचं नाव घेत नाही. मे महिन्यातसुद्धा तिथे पाय घोट्यापर्यंत रुततो. गिरणी बंद पडल्यावर नवऱ्याबरोबर सुगंधाबाई परळ सोडून इथे राहायला आल्या, तेव्हा सगळ्या बायकांनी या चिखलाला नाकं मुरडली. सुगंधाबाई साडी खोचून आत उतरल्या, मूठभर चिखल उचलून वास घेतला आणि म्हणाल्या, "ह्यो तर आमचो कुणगो!" कणकवलीकडे भातशेताच्या लहानशा तुकड्याला कुणगा म्हणतात. तेव्हापासून चाळीत त्या जागेचं नाव कुणगा पडलं ते पडलंच.

तिथे त्यांनी अळू लावलं. वडीचं वेगळं, भाजीचं वेगळं. आणि मग चाळीत एक रीत पडून गेली. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, नांगर न लागलेलं, हाताने पिकवलेलं तेवढंच खायचं. मुंबईत बाजारातल्या भाजीला बैल लागला की ट्रॅक्टर, हे कोण शोधत बसणार? म्हणून बावीस घरांतल्या ऋषीच्या भाजीत अळू पडायचं ते कुणग्यातलंच. सुगंधाबाई पहाटे कापायच्या, जुड्या बांधायच्या आणि दारोदार वाटायच्या. अडतीस वर्षं. एकदा त्यांना टायफॉइड झाला होता, तेव्हासुद्धा खाटेवर बसून त्या कापणाऱ्यांना ओरडत होत्या, "देठ वरसून नको, खालसून काप मेल्यांनो!"

आता तुमचा माणूस येतो.

आषाढातली उघडीप होती. पाठीवर पंप घेतलेला एक काळासावळा, पन्नाशीचा गडी चाळीत शिरला. सुगंधाबाईंना वाटलं, डेंग्यूवाले आले. दर वर्षी येतात, धूर मारतात, दाराच्या मागे खडूने तारीख लिहून जातात. या वर्षी धुराऐवजी पाणी मारत असतील. त्यांनी त्याला बसवलं, चहा दिला, नाव विचारलं. धोंडिराम. गाव साताऱ्याकडचं. त्याच्याकडे प्लास्टिकच्या मगात पिवळट काहीतरी तयार होतं. "पाणी मिळेल का, मावशी?" म्हणाला. सुगंधाबाईंनी आपल्या पिंपातलं दोन बादल्या पाणी दिलं. नळ सकाळी पाऊण तास येतो तिथे दोन बादल्या म्हणजे काय ते मुंबईकराला सांगायला नको.

धोंडिरामने भिंतीच्या कडेचं गवत मारलं आणि निघाला.

"आणि मागे कोण मारणार?" सुगंधाबाई म्हणाल्या.

"मागं अळू हाय ना, मावशी?"

"अळू आहे म्हणून तर डास आहेत! मार सगळीकडे. अर्धवट काम करून जाशील तर चहा परत घेईन."

धोंडिराम हसला. मावशीच मार म्हणते तर त्याने मारलं. चांगलं, दोन्ही बाजूंनी, पानं निथळेपर्यंत.

चौथ्या दिवशी अळवाची देठं ओला कपडा पिळावा तशी पिळवटली. सहाव्या दिवशी पानं पिवळी पडून चिखलावर झोपली.

शेजारच्या खोलीतली जान्हवी तेव्हा कॉलेजातून येत होती. जान्हवी म्हणजे चाळीचे सेक्रेटरी जयवंत मोंडकर यांची नात, घाटकोपरच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करणारी. तिने पानं उलटीपालटी करून बघितली. "आजी, हे डासांचं औषध नाही. तणनाशक आहे हे. कुणी मारलं?"

सुगंधाबाई पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "मियाच तेका मार म्हटलंय गो. वर पाणी दिलंय. चाय पाजलंय."

"तुला काय माहीत होतं?"

"तेच्या डोक्यावर लिवलेला नव्हता, ह्या खरा. पण पिंप माझा, हात माझो. भावजीक सांगू नको."

सांगायची गरजच पडली नाही. जयवंतरावांना आपल्या चाळीत कुणाच्या घरी दूध उतू गेलं तेही कळतं. आणि त्याच आठवड्यात तुमचा एक इन्स्पेक्टर आला, नाकाला रुमाल लावून कुणग्याकडे लांबूनच बघून गेला, आणि भिंतीवर नोटीस लागली. ‘सदर ठिकाणची माती दूषित असल्याचे निदर्शनास आल्याने गणेशोत्सवानंतर भराव टाकून पेव्हर ब्लॉक बसविण्यात येतील.’

वाचा पुन्हा. कशाने दूषित? कुणी केली? नोटिशीत नाही. म्हणजे तुम्हीच मारायचं, तुम्हीच रुमाल लावायचा, आणि वर ब्लॉक बसवून मोकळं व्हायचं. झकास!

सुगंधाबाईंनी नोटीस दोनदा वाचली. अडतीस वर्षांत नवऱ्याने दिलेली एक खोली आणि स्वतःच्या हाताने केलेला एक कुणगा, एवढंच त्यांचं या शहरात होतं. खोली मुलाच्या नावावर झाली होती. राहिला कुणगा.

"माती परत साफ होत असेल तर भराव टाकायची गरज काय?" त्यांनी जान्हवीला विचारलं. "साफ होता की नाय ता सांग."

"होते कधी कधी. पण आजी, कशाने झाली ते आधी कळायला हवं."

म्हणून त्या तुमचे जिने पहिल्यांदा चढल्या. तुम्ही म्हणालात, माहिती घेतो, तोवर ठेकेदाराला विचारा. ठेकेदार फोनवर म्हणाला, साहेबांना विचारा, आम्हाला वरून येतं. वरून म्हणजे कुठून? आभाळातून? मग सुगंधाबाईंनी नाक्यावर धोंडिरामला गाठलं. तो त्यांना बघून उठून उभाच राहिला.

"मावशी, आयच्यान सांगतो, मला म्हायती नाय. गोडावनात पिंप असतं, त्यातनं मग भरून देत्यात. पिंपावरचा कागुद कवाच निघालाय."

"तुझ्या हातांना काय झालं?"

त्याने हात पाठीमागे घेतले. सुगंधाबाईंनी पुढे ओढले. बोटांची साल निघून खाली गुलाबी दिसत होतं. "मोजे देतच न्हायीत ना," तो म्हणाला, जणू त्याचीच चूक होती. सुगंधाबाईंनी पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढून त्याला दिली, आणि चार शिव्या दिल्या. शिव्या तुम्हाला होत्या, ऐकाव्या लागल्या त्याला.

दुसऱ्यांदा त्या रीतसर अर्ज घेऊन आल्या. पंधरवड्याने उत्तर आलं. ‘मागितलेली माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.’ जान्हवीने ते मोठ्याने वाचलं आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. सुगंधाबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "नाव नाय तर तुझी प्रयोगशाळा तपासणार नाय?"

"नाही ना, यार. मशीनला सांगावं लागतं काय शोधायचं ते. आणि नुसतं तेवढंच नाही. काही औषधं हवेत, उन्हात मोडतात. काही हवेत वर्षानुवर्षं तशीच राहतात, पण चिखलात कोंडली की मोडतात. आणि काही बेणी कुठेच मोडत नाहीत. नाव कळल्याशिवाय कुणगा सुकवायचा की भिजवायचा हेच ठरत नाही."

"चिखलात कोण मोडतो? हवा तरी असते खंय?"

"हवा नसते म्हणूनच. आपण श्वासात प्राणवायू घेतो, बरोबर? खाली चिखलात तो नसतो. मग तिथले जीव दुसरंच काहीतरी श्वासाला वापरतात. कुणी गंज वापरतं, कुणी गंधक. तो कुजक्या अंड्याचा वास येतो ना, तो त्यांचाच उच्छ्वास. आणि काही जिवाणू तर थेट औषधातल्या क्लोरीनवर चालतात. एक एक क्लोरीन उपटून काढतात. औषधात क्लोरीन असेल तर."

सुगंधाबाईंनी दहा बाय बाराच्या आपल्या खोलीभर नजर फिरवली. एकच खिडकी, तीही शेजाऱ्याच्या भिंतीत उघडणारी. "म्हणजे आमच्यासारखेच. मिळात तां घेऊन जगायचा."

"तसंच समज."

"मग मशीन कित्याक होया? झाडालाच विचारूया की. ज्या विषान अळू मेला, त्या विषान दुसरा कायतरी मरतलाच."

जान्हवी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग डोक्यावर हात मारून म्हणाली, "मेथी!"

त्या संध्याकाळी प्रयोग सुरू झाला, आणि चाळीला महिनाभर पुरेल एवढी करमणूक मिळाली. कुणग्यातून एक बादली चिखल काढला. त्याचे तीन वाटे केले. पहिला वाटा लोणच्याच्या बरणीत काठोकाठ भरला, वर पाणी घातलं, झाकण लावून कडेने मेणबत्तीचं मेण ओतलं. आत हवेला जागा नाही. ही कोंडलेली बरणी. दुसरा वाटा परातीत पसरला. तो रोज ढवळायचा, ओलसर ठेवायचा, हवा खाऊ घालायची. तिसऱ्या वाट्यातले सगळे जीव मारायचे होते, म्हणजे नुसतं औषध उरेल आणि मोडणारं कुणी राहणार नाही. ते कसे मारायचे?

"कुकर," जान्हवी म्हणाली.

"माझो कुकर?"

"तीन दिवस, रोज अर्धा तास. एका दिवशी मरत नाहीत, बीज धरून बसतात मेले."

तीन दिवस सुगंधाबाईंच्या कुकरने चिखलाच्या शिट्ट्या मारल्या. पहिल्या शिट्टीला तिसऱ्या खोलीतल्या नीलमने खिडकीतून ओरडून विचारलं, "काकू, सुके बोंबील लावलेत का?" दुसऱ्या दिवशी दोन बिऱ्हाडं सिनेमाला गेली. तिसऱ्या दिवशी कुकरची रबरी रिंग सुगंधाबाईंनी स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकली. तो चिखलसुद्धा तसाच बरणीत घालून मेणाने बंद केला. मग बरण्या एकदा उघडून तिन्हींचं थोडं थोडं पाणी ओल्या कापसावर टाकून दहा दहा मेथीदाणे पेरले. पाच दिवसांनी बघितलं तर तिन्हीकडे तीच रड. दाणे फुगले, एखादं तोंड उघडून वाकडं झालं आणि मेलं. नळाच्या पाण्यावर पेरलेले दहाच्या दहा वर आले.

"हे चांगलं झालं," जान्हवी म्हणाली.

"मेला तां चांगला?"

"तिन्हींची सुरुवात सारखी झाली. आता कोण सुधारतं ते बघायचं."

बरणीतल्या जिवांना खायला काय, हा प्रश्न सुगंधाबाईंनी स्वतःच सोडवला. भात लावण्याआधी त्यांच्या माहेरी चिखलात हिरवा पाला तुडवायचे. का, ते कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी रस्त्याकडेच्या गिरिपुष्पाच्या फांद्या तोडून आणल्या, बरण्यांत आणि परातीत चिमूट चिमूट पाला कातरून घातला, कुकरवाल्या बरणीत मात्र शिजवून, बरण्या पुन्हा मेणाने बंद केल्या, आणि उरलेला कुणग्यात टाकून स्वतः तुडवायला उतरल्या. जान्हवी जोरात ओरडली, "अनवाणी नको!" तेव्हा त्या नातवाचे गमबूट घालून पुन्हा उतरल्या. एक बूट लाल होता, एक निळा. कुठून, कसे, ते विचारू नका.

तीन आठवड्यांनी बरण्या पुन्हा उघडल्या, पाणी काढून लगेच मेणाने बंद केल्या. कोंडलेल्या बरणीच्या पाण्यावरची मेथी आधीपेक्षाही वाईट निघाली. मुळं तपकिरी आणि सडलेली. परातीतली त्यातल्या त्यात बरी होती, चार दाणे वर आले होते.

"बघा!" जयवंतराव म्हणाले. एव्हाना ते रोज संध्याकाळी चष्मा लावून हजर असायचे. "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय वहिनी. ओल्या गादीला काय करतात? ऊन दाखवतात. कोंडून ठेवलं की कुजतंच. पाणी काढून टाका, माती उकरा, उघडी पडू दे."

"आजोबा, असं नाही. अर्धवट मोडलेला मालसुद्धा विषारी असू शकतो. मधल्या टप्प्यावर..."

"मधला टप्पा! नोटिशीला तीन आठवडे उरलेत, आणि ही मधला टप्पा घेऊन बसलीय."

जयवंतराव वाईट माणूस नाहीत. पण पंचवीस वर्षं सेक्रेटरी राहिलेल्या माणसाला वाटतं की सगळ्या जगाच्या गाद्या गच्चीवर टाकायच्या राहिल्यात. रविवारी सुगंधाबाई अंधेरीला बहिणीकडे गेल्या होत्या. जयवंतरावांनी सकाळीच दोन पोरं बोलावून कुणग्याचा बांध फोडला. पाणी गटारात गेलं. पोरांनी कुदळीने अर्धा चिखल उलथा करून टाकला. संध्याकाळी सुगंधाबाई आल्या तेव्हा वरचा थर सुकायला लागला होता आणि जयवंतराव कंबरेवर हात ठेवून आपलं काम न्याहाळत होते.

सुगंधाबाईंनी पिशवी खाली ठेवली.

"भावजी, हे तुम्ही केलं?"

"तुमच्याच भल्यासाठी, वहिनी."

"त्या धोंडिरामाक मिया म्हटलंय मार, तां पण भल्यासाठीच म्हटलंय! भल्यासाठी, भल्यासाठी करून ह्या कुणग्याची वाट लागली. न विचारता मारणारो तो साहेब, न विचारता फोडणारे तुम्ही. फरक काय दोघांत? तेका एसी आसा, तुमका नाय, इतकोच!"

चाळीच्या बावीस खिडक्या उघड्या होत्या. सुगंधाबाईंनी लाल आणि निळा बूट चढवला, फावडं घेतलं आणि बांध घालायला लागल्या. पाच मिनिटं त्या एकट्याच होत्या. मग नीलम आली. मग जान्हवी. मग ओशाळवाणे होऊन लेंगा गुडघ्यावर खोचलेले सेक्रेटरी स्वतः आले, पायांना दुधाच्या पिशव्या बांधून.

"माती कुठे टाकू?" त्यांनी विचारलं.

"माझ्या डोक्यावर," सुगंधाबाई म्हणाल्या. पण बोटाने जागा दाखवली.

अंधार पडायच्या आत डोंगराचं पाणी कुणग्यात पुन्हा बसलं.

गणपतीला दोन दिवस असताना बरण्या तिसऱ्यांदा उघडल्या. कोंडलेल्या बरणीचं मेण सुरीने काढलं तसा असा वास आला की जयवंतरावांनी ‘राम राम’ म्हणत दार गाठलं. काळा कुळकुळीत चिखल. त्याचं पाणी कापसावर, त्यावर दहा दाणे. कुकरवाल्या बरणीचं पाणी, दहा दाणे. परातीचं पाणी, दहा दाणे. आणि या वेळी चौथी ताटली. कुणग्याच्या त्या बाजूचा चिखल, जी पोरांनी उलथली नव्हती.

पाचव्या दिवशी, घरात गणपती बसलेले, बाहेर ढोल चाललेला, आणि मोंडकरांच्या ओट्यावर चार ताटल्या. कुकरवालीत काही नाही, तेच वाकडे, तोंड उघडलेले दाणे. परातीत पाच, बुटके. कोंडलेल्या बरणीत नऊ, सरळ आणि हिरवे. कुणग्याच्या चिखलात सात.

जान्हवीने ताटली नाकापर्यंत उचलली. "कुकरमध्ये जीव मेले, तिथे औषध तसंच राहिलं. हवेत थोडं मोडलं. आणि जिथे हवा अजिबात नाही तिथे जवळजवळ पार मोडलं. आजी, तुझ्या चिखलाने केलं हे. कोंडलेल्या चिखलाने."

"आणि पाल्याने," सुगंधाबाई म्हणाल्या.

"आणि पाल्याने."

जयवंतराव चष्मा पुसत म्हणाले, "मग काय, पुढच्या वर्षी अळू खायचं ना?"

सगळे सुगंधाबाईंकडे बघायला लागले. ऋषिपंचमी होऊन गेली होती. त्या दिवशी अडतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बाजारातून अळू आणलं होतं, बावीस जुड्या केल्या होत्या आणि कुणाच्या डोळ्यांकडे न बघता वाटल्या होत्या. कुणग्यात एक कोंब फुटला होता, बोटभर, गुंडाळलेला. कुणाला न सांगता त्या रोज त्याच्यापाशी जाऊन उभ्या राहत.

"मेथी जगली," त्या म्हणाल्या. "मेथी म्हणजे माणूस नाय. मोडून त्या विषाचा काय झाला, तां तुका कळला, जान्हवी?"

जान्हवीने मान हलवली. नाही. "ते फक्त नाव कळलं तरच."

"मग नाव कळल्याबिगर मी कुणाच्या पोराच्या तोंडात हे पान घालूचं नाय. एकदा न विचारता पाणी दिलं मी. आता विचारतलंय."

नोटिशीप्रमाणे गौरी-गणपती गेल्यानंतरच्या मंगळवारी भरावाचा ट्रक येणार होता. सोमवारी सुगंधाबाई तुमच्याकडे तिसऱ्यांदा आल्या. या वेळी एकट्या नव्हत्या. जान्हवीच्या हातात मेथीच्या ताटल्या होत्या. जयवंतराव सेक्रेटरीची फाईल घेऊन आले होते. धोंडिराम कामावरून थेट आला होता, बोटांना फडकी गुंडाळून. सुगंधाबाईंच्या कापडी पिशवीत दोन बरण्या होत्या. त्यात कुणग्याचा ताजा काळा चिखल होता, झाकणांवर नवं मेण.

तुम्ही खिडक्या लावून बसला होता. एसी सोळावर. बाहेर पाटीवर तुमचं नाव पितळी अक्षरांत.

"आजी, भराव मंजूर झालाय," तुम्ही म्हणालात. "आता काही करता येणार नाही. माती दूषित आहे."

"कशाने?"

"ते... रासायनिक."

"कुठचं रसायन?"

"अभिलेखात नाही असं कळवलंय ना तुम्हाला?"

जान्हवीने ताटल्या टेबलावर मांडल्या आणि शांतपणे सगळं सांगितलं. मेलेली माती, उघडी माती, कोंडलेली माती. तुम्ही घड्याळ बघत होता. धोंडिरामने फडकी सोडून हात पुढे केले. तुम्ही त्याच्या मागच्या कॅलेंडरकडे बघितलंत. जयवंतरावांनी फाईल उघडली, तर तुम्ही म्हणालात, "आवकमध्ये देऊन ठेवा."

तेव्हा सुगंधाबाईंनी पिशवीतून पहिली बरणी काढली, टेबलावर ठेवली आणि सुरीने मेण सोलायला लागल्या. अगदी बेताने, वडीच्या पानाची शीर सोलावी तसं.

"हे काय करताय?"

"साहेब, तुमची ही खोली आणि माझी ही बरणी, दोन्ही सारखीच. खिडकी नाय, हवा नाय. पण माझ्या बरणीतले जीव काम करतात."

झाकण निघालं.

चिखलात कोंडलेला, सुगंधाबाईंच्या कुणग्याचा वास तुमच्या सोळा डिग्रीच्या खोलीत पसरला. शिपाई आत आला आणि उलट्या पावली बाहेर गेला. शेजारच्या टेबलावरच्या बाई पदर नाकाला लावून जिन्यात पळाल्या. तुम्ही खिडकीच्या कडीला हात घातलात. कडी रंगाच्या सात थरांखाली गोठलेली. उघडेना. तुम्ही फोन उचललात आणि नाक दाबून म्हणालात, "उद्याचा ट्रक थांबवा. हो, थांबवा. लेखी नंतर देतो!"

धोंडिरामला हसू आवरेना. जयवंतरावांनी रुमाल तोंडात कोंबला.

सुगंधाबाई हसल्या नाहीत. ट्रक थांबल्याने कुणगा एका दिवसासाठी वाचला होता, तेवढंच. त्यांनी दुसरी बरणी टेबलावर ठेवली, पहिलीच्या शेजारी, अगदी तुमच्या फाईलवर. सुरीचं टोक मेणावर टेकवलं.

"घाई नाय, साहेब. मियां बसलंय. गोडावनातल्या पिंपात काय होतं, ज्यान माझो कुणगो मारलो आणि ह्या माणसाची बोटं सोलली? नाव सांगा. त्या मगात काय होतं?"